डॅनिएल बंटन बेरी
डॅनिएल बंटन बेरी (१९ फेब्रुवारी, १९४९:सेंट लुईस, मिसूरी, अमेरिका - ३ जुलै, १९९८:लिटल रॉक, आर्कान्सा, अमेरिका) या अमेरिकन संगणकखेळ-रचनाकार होत्या. अनेकांनी एकत्र बसून खेळावयाच्या संगणकखेळांच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. त्यांच्या जुन्या खेळांवर डॅन बंटन हे नाव आढळते. १९९२ सालच्या लिंगबदलानंतर त्या डॅनिएल या नावाने वावरल्या.

बालपण आणि शिक्षण

किशोरवयात बंटन यांचे कुटुंब लिटल रॉक येथे स्थायिक झाले. घरातील परिस्थिती ओढाताणीची होती. सर्वजण पट मांडून खेळावयास बसत, तेवढाच काळ सुखाचा जाई. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ या आठवणीत आहे. आर्कान्सा विद्यापीठातून त्यांनी १९७४ साली औद्योगिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. शिक्षण चालू असताना त्यांनी सायकलींचे दुकानही चालविले.

पहिले खेळ

'व्हीलर डीलर्स' हा त्यांचा पहिला खेळ १९७८ साली ॲपल २ या घरगुती संगणकासाठी निघाला. स्पीकइझी सॉफ्टवेअर या कॅनडातील लहानशा संस्थेने तो प्रकाशित केला. चौघांनी एकाच वेळी लिलावात बोली लावता यावी म्हणून त्यासोबत खास नियंत्रक द्यावा लागे. त्यामुळे किंमत ३५ डॉलरवर गेली. इतर खेळ त्या वेळी सुमारे १५ डॉलरला मिळत. परिणामी जेमतेम ५० प्रती खपल्या. व्यापाराच्या दृष्टीने हे अपयशच होते. तथापि लिलावाची जी कल्पना पुढे गाजली, ती येथेच प्रथम दिसते. यानंतर स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स या प्रकाशकाकडे त्यांचे 'कार्टेल्स अँड कटथ्रोट्स' (१९८१) आणि 'सायट्रॉन मास्टर्स' (१९८२) इत्यादी खेळ प्रसिद्ध झाले.

म्यूल

इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही संस्था नव्याने उभी करणारे ट्रिप हॉकिन्स यांना 'कार्टेल्स'चे हक्क हवे होते. मूळ प्रकाशकाने ते दिले नाहीत. तेव्हा बंटन यांनी त्याहून सरस असा नवाच खेळ करून देण्याचे ठरविले. बंधू बिल बंटन, जिम रशिंग आणि ॲलन वॉटसन यांच्यासह त्यांनी ओझार्क सॉफ्टस्केप हा छोटा गट स्थापन केला. या चौघांनी तयार केलेला 'म्यूल' १९८३ साली अटारी ८००साठी बाजारात आला.

इराटा या परग्रहावर चार वसाहतकार जमीन मिळवतात आणि यांत्रिक खेचरांकडून अन्न, ऊर्जा व खनिजे काढून घेतात. अटारी हे नाव उलटे वाचले की इराटा होते. आपल्याकडील 'व्यापार' हा पटावरील खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना याचा गाभा लगेच उमगेल. फरक लिलावात आहे. पडद्यावर विक्रेते वरून खाली आणि ग्राहक खालून वर सरकतात. दोघे ज्या भावाला भेटतात, तेथे सौदा ठरतो. टंचाई दिसताच माल दडवून ठेवण्याचा मोह होतो, परंतु अन्न-ऊर्जेवाचून वसाहत कोलमडली तर साठेबाजाचेही नुकसान होते. आघाडीवरील खेळाडूला दैवयोगाचा लाभ मिळत नाही आणि सर्वांत मागे असलेल्यावर आपत्ती येत नाही. अर्थशास्त्राच्या एखाद्या पाठात मावणार नाही इतके या खेळातून कळते.

'म्यूल'च्या सुमारे ३०,००० प्रतीच विकल्या गेल्या. अटारी ८००ला चार नियंत्रक जोडता येत, म्हणून चौघांची बैठक सहज जमे. कंपनीच्या त्याच वर्षीच्या नव्या संगणकांवर मात्र दोनच जोडण्या उरल्या, आणि 'म्यूल' ज्या यंत्रावर खऱ्या अर्थाने रंगत असे ते यंत्रच मागे पडले.

नंतरचे खेळ

एकट्याने खेळावयाचा 'सेव्हन सिटीज ऑफ गोल्ड' (१९८४) हा त्यांचा सर्वाधिक खपलेला खेळ होय. त्याच्या सुमारे १,५०,००० प्रती गेल्या. 'हार्ट ऑफ आफ्रिका' (१९८५) त्याच मार्गाने निघाला. या यशाच्या वाटेवर राहणे सोपे होते. बंटन पुन्हा अनेकांच्या खेळाकडे वळल्या. 'मोडेम वॉर्स' (१९८८) दूरध्वनीच्या तारेवरून दोन घरांतील संगणकांत खेळला जाई. पण मोडेम असलेली घरेच थोडी होती. पुढे मायक्रोप्रोझ या प्रकाशकाने 'कमांड एचक्यू' (१९९०) आणि 'ग्लोबल कॉन्क्वेस्ट' (१९९२) प्रसिद्ध केले.

सेगा यंत्रासाठी 'म्यूल'ची नवी आवृत्ती करण्याचे काम १९९३ साली सुरू झाले. खेळात बंदुका आणि बाँब घालावेत, असा आग्रह धरण्यात आला. बंटन यांनी नकार दिला. ती आवृत्ती निघालीच नाही.

अखेरची वर्षे

लिंगबदलानंतर त्यांचा व्यवसायातील वावर कमी झाला. या निर्णयाची जी किंमत मोजावी लागली, तिच्याविषयी त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे. आंतरजालाचा प्रसार होऊ लागल्यावर 'मोडेम वॉर्स'चे 'वॉरस्पोर्ट' (१९९७) हे नवे रूप त्यांनी केले. मे १९९८मध्ये संगणकखेळ-रचनाकारांच्या संघटनेने त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

विल राइट यांनी आपला 'द सिम्स' (२०००) हा खेळ त्यांना अर्पण केला आहे. २००७ साली अमेरिकेतील अकॅडमी ऑफ इंटरॲक्टिव्ह आर्ट्स अँड सायन्सेसने आपल्या सन्मानसूचीत त्यांचा मरणोत्तर समावेश केला. 'म्यूल'ची आंतरजालावर खेळता येणारी आवृत्ती २००९ साली निघाली. तिच्यातही खेळाडू चारच आहेत.