वाद्यकार लिओ फेंडर

सुटे भाग आणून घरींच विजेची गिटार जोडणारा विद्यार्थी पाहिला कीं, आम्हांस लिओ फेंडरचें स्मरण होतें. त्याचा जन्म १९०९ सालीं अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील अनाहाइम गांवाजवळ, संत्र्यांच्या मळ्यांत झाला. बालपणींच त्याचा एक डोळा गेला. १९३८ सालीं त्यानें फुलरटन येथें रेडिओ-दुरुस्तीचें दुकान घातलें. वादक तेथें आपलीं वाद्यें आणीत व तो त्यांच्या अडचणी मन लावून ऐके. दुरुस्तीची दगदग त्यास रोजचीच ठाऊक होती. म्हणून त्यानें पोकळ पेटीऐवजीं भरीव लांकडाचें धड केलें आणि मान सरसानें न चिकटवितां स्क्रूंनीं बसविली. ती बिघडल्यास तेवढीच बदलावी! १९५१ सालीं टेलिकास्टर व १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर हीं वाद्यें प्रसिद्ध झालीं. आज घरीं जोडावयाच्या अनेक संचांत हीच रचना आढळते. १९९१ सालीं तो वारला.

आश्चर्य हें कीं, त्यास स्वतःला गिटार वाजवितां येत नसे! अंगीं नसलेल्या गुणाची खंत करीत न बसतां असलेला गुण इतरांच्या उपयोगीं लावावा, हा धडा आपण सर्वांनीं ह्या चरित्रापासून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.