अ‍ॅलेक रीव्ह्ज : वेळेआधी आलेला इंजिनियर

भाद्रपद जवळ आला की पेणमध्ये दोन कामांना ऊत येतो. एक म्हणजे गणपतीच्या मूर्तींचे कारखाने, ज्यांच्यामुळे पेणचं नाव परदेशातही पोचलं आहे. दुसरं काम कोणाच्या फोटोत येत नाही, ते म्हणजे साउंडवाल्यांच्या बंद पडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती. रोह्यातही तेच. गणपती झाले की नवरात्र, मग धावीर महाराजांची पालखी. कोकणातल्या दमट हवेत वर्षभर गोडाऊनमध्ये पडलेले अ‍ॅम्प्लिफायर नेमके याच दिवसांत रुसतात.

हल्लीचे वजनाला हलके अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक क्लास डी जातीचे असतात. खोलून बघावं तर आतलं मॉड्यूल जळलेलं, आणि त्यावरचा पार्ट कंपनीने बनवणंच बंद केलेलं! मग पार्ट मिळत नाही, नवीन घ्या, असा सल्ला मिळतो आणि मंडळाच्या वर्गणीतून घेतलेली वस्तू भंगारात जाते. ती खरंच भंगार असते का? याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. त्यांचं नाव अ‍ॅलेक हार्ली रीव्ह्ज. कम्युनिकेशनच्या पुस्तकात पीसीएमच्या धड्यात ते एका ओळीत येऊन जातात. आपण ती ओळ सोडून थेट डायग्रामवर जातो, कारण मार्क डायग्रामला असतात.

रीव्ह्ज यांचा जन्म १० मार्च १९०२ रोजी इंग्लंडमध्ये रेडहिल इथे झाला. लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात शिकून १९२३ मध्ये ते इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत लागले. अटलांटिक महासागरापलीकडे रेडिओने टेलिफोन पोचवण्याच्या कामात ते होते. पुढे कंपनी आयटीटीकडे गेली आणि रीव्ह्ज पॅरिसच्या प्रयोगशाळेत आले.

त्या काळची मोठी डोकेदुखी होती खरखर. आवाज लांब न्यायचा तर वाटेत तो पुन्हापुन्हा मोठा करावा लागतो. पण अ‍ॅम्प्लिफायर बिचारा आवाज आणि खरखर यांत भेद करत नाही, दोन्ही मोठं करतो. १९३७ मध्ये रीव्ह्ज यांनी वेगळाच मार्ग काढला. आवाजाची पातळी ठरावीक वेळाने मोजायची, तो आकडा बायनरीत मांडायचा आणि नुसते पल्स पाठवायचे. वाटेत थोडीफार खरखर मिसळली तरी पल्स आहे की नाही एवढंच ओळखायचं आणि पुढे कोरा करकरीत नवा पल्स सोडायचा. हेच आपलं पल्स कोड मॉड्युलेशन.

फ्रान्समध्ये पेटंटचा अर्ज १९३८ मध्ये झाला, अमेरिकेचं पेटंट १९४२ मध्ये मिळालं. पण धंद्याच्या दृष्टीने पुढे काहीच नाही! जमाना व्हॉल्व्हचा होता. या सर्किटला इतके व्हॉल्व्ह लागत की खर्च परवडत नसे. महायुद्धात अमेरिकेने गुप्त टेलिफोनसाठी ही पद्धत वापरली, तेवढीच. ट्रान्झिस्टर आला १९४७ मध्ये, आणि अमेरिकेत पीसीएमवरची टेलिफोन लाइन सुरू झाली १९६२ मध्ये. तोवर पेटंटची १७ वर्षांची मुदत उलटून गेली होती. कल्पना तयार होती, पार्ट मात्र जन्मालाच आले नव्हते.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या आणि रीव्ह्ज इंग्लंडला परतले. मूळ स्वभाव शांततेचा, तरी युद्धाचं काम करावं लागलं. फ्रँक जोन्स यांच्याबरोबर त्यांनी ओबो ही यंत्रणा केली. जमिनीवरच्या दोन केंद्रांतून विमानाचं अंतर पल्सने मोजून अंधारात, ढगांतही त्याला नेमक्या जागी नेता येई. युद्धानंतर ते स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये संशोधन करत होते. याच लॅबमधून १९६६ मध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांचा काचेच्या तंतूंवरचा प्रसिद्ध पेपर आला, ज्या कामासाठी काओ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. प्रकाशातून संदेश पाठवायचा हा ध्यास तिथे रीव्ह्ज यांनीच लावला होता. उरलेल्या वेळात ते तरुणांना आणि कैद्यांना पुन्हा उभं राहायला मदत करत. १९६९ मध्ये ब्रिटनने पीसीएमवर टपाल तिकीट काढलं. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी ते गेले. पीसीएम घराघरात नेणारी सीडी १९८२ मध्ये आली, ती त्यांनी पाहिली नाही.

आता परत अ‍ॅम्प्लिफायरकडे येऊ. क्लास डीचं श्रेयही बरेच लेखक रीव्ह्ज यांच्या १९५० च्या दशकातल्या कामाला देतात. इथे आकडे नसतात, पण स्वभाव तोच, एकतर चालू नाहीतर बंद. आवाजाची तुलना त्रिकोणी लहरीशी करून कमी-जास्त रुंदीचे पल्स बनवायचे, त्यांनी दोन मॉस्फेट आळीपाळीने चालू-बंद करायचे आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरच्या फिल्टरमधून आवाज परत मिळवायचा. मॉस्फेट अर्धवट उघडा राहत नाही, म्हणून उष्णता कमी. इथेही पार्टांनी रडवलं. १९६४ मध्ये सिंक्लेअर कंपनीने असा एक किट विकायला काढला, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर त्या वेगाला पुरे पडले नाहीत. वेगवान मॉस्फेट आल्यावर गाडी रुळावर आली.

आज उलटं झालंय. कल्पना जिवंत आहे, पार्ट मरतात. अमेरिकेतल्या ट्रायपाथ कंपनीची टीए२०२० ही क्लास डीची गाजलेली आयसी. २००७ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. आता त्याच नावाची आयसी स्वस्तात दिसली तर ती डुप्लिकेट नाही ना, हे आधी बघावं.

मग करायचं काय? नंबर शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घालण्याआधी तो पार्ट काय काम करत होता ते समजून घ्यायचं. कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचे. मॉस्फेट गेला असेल तर बदली मॉस्फेट नुसते अँपियर बघून निवडायचा नाही. व्होल्टेज, ऑन रेझिस्टन्स आणि गेट चार्ज, तिन्ही जुळवायचं. गेट चार्ज जास्त असेल तर ड्रायव्हरला तो वेळेत बंद करता येत नाही, वरचा-खालचा दोन्ही एकदम चालू राहतात आणि क्षणात दोन्ही जातात. म्हणून जोडी एकदम बदलायची, गेटचा रेझिस्टर आणि ड्रायव्हरही तपासायचा, आणि पहिल्यांदा वीज देताना सिरीजला बल्ब लावायचा. आयसीच मिळत नसेल तर सप्लाय आणि स्पीकरचे ओहम जुळणारं दुसरं मॉड्यूल जुन्याच पेटीत बसवता येतं. पेटी, सप्लाय, कनेक्टर सगळं वाचतं.

रीव्ह्ज यांनी पार्ट नसताना तत्त्व मांडून ठेवलं आणि पार्टांची वाट पाहिली. आपल्या हातात तत्त्वही आहे आणि बदली पार्टही. तेव्हा मित्रांनो, सुट्टीत गावी गेल्यावर एखादा बंद अ‍ॅम्प्लिफायर भंगारात जाताना दिसला, तर आधी खोलून बघा. व्हायवात विचारतील न विचारतील, मंडळाची वर्गणी मात्र नक्की वाचेल!