अजिंठ्याचे रंग आणि ग्रिफिथ्स यांचे व्हार्निश

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे नुकसान वटवाघळांनी केले, पावसाच्या पाण्याने केले, साधू-बैराग्यांच्या चुलींच्या धुराने केले. या यादीत चित्रांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या एका चित्रकाराचेही नाव घ्यावे लागते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स यांनी आयुष्यातील तेरा वर्षे अजिंठ्यासाठी खर्ची घातली. ही चित्रे जगापुढे नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. चित्रांवर चढलेल्या व्हार्निशच्या थरातही त्यांचा हात आहे.

ग्रिफिथ्स यांचा जन्म १८३७ मध्ये वेल्समधील. लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथे त्यांचे कलाशिक्षण झाले आणि तेथील संग्रहालयाच्या सजावटीवर त्यांनी कामही केले. १८६५ मध्ये ते मुंबईत आले. जे. जे. स्कूल स्थापन होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. शिल्पकलेचे अध्यापक लॉकवूड किपलिंग, म्हणजे कादंबरीकार रुडयार्ड किपलिंग यांचे वडील, त्याच वर्षी या संस्थेत रुजू झाले. पुढे किपलिंग लाहोरला गेले. ग्रिफिथ्स मात्र निवृत्तीपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, मुंबईतच राहिले. बोरीबंदर स्थानकाच्या सजावटीत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा जो सहभाग आहे, तो त्यांच्याच देखरेखीखालचा.

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, तेव्हापासून तेथील चित्रांची झीज अधिक वेगाने होऊ लागली. हौशी प्रवासी भिंतींवर नावे कोरीत, काही जण चित्रांचे तुकडे उचकटून नेत. कंपनी सरकारने मेजर रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये प्रतिकृती करण्याच्या कामगिरीवर नेमले. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेले कॅनव्हास लंडनला गेले आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतील बहुतेक जळाले. मूळ चित्रे झिजत होती आणि त्यांची नक्कलही हातची गेली होती. अशा वेळी ग्रिफिथ्स यांनी मुंबई सरकारपुढे नव्याने प्रतिकृती करण्याची योजना मांडली. १८७२ मध्ये ती मान्य झाली.

त्यांच्या मनात केवळ नोंद ठेवण्याचा विचार नव्हता. मुंबईच्या वर्गात ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला गिरवणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्याच देशातील चित्रपरंपरा शिकता यावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळातील इंग्रज शिक्षकाच्या दृष्टीने हा विचार धाडसीच म्हणायला हवा. खानदेशापर्यंत रेल्वे पोहोचली होती, पुढचा रस्ता बैलगाडीचा. वाघूर नदीच्या नालाकृती खोऱ्यातील त्या काळोख्या दालनांत विद्यार्थी मोजमापे घेत, रेषा उतरवून घेत आणि तैलरंगात कॅनव्हास रंगवीत. पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी या तुकडीतलेच. १८८५ पर्यंत सुमारे ३०० प्रतिकृती तयार झाल्या. काही कॅनव्हास तर सुमारे सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच होते.

भिंतीवरील चित्रे शतकांच्या धुळीने आणि काजळीने मंद झाली होती. व्हार्निशचा हात दिला की रंग ओले झाल्यासारखे उजळतात आणि आकृत्या स्पष्ट दिसतात. नक्कल करणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक चित्रांवर असे हलक्या प्रतीचे व्हार्निश लावले. हा निष्काळजीपणा होता असे सरसकट म्हणता येणार नाही. युरोपात तैलचित्र पूर्ण झाले की त्यावर व्हार्निश चढवण्याची रीतच होती. ते चित्राचे संरक्षक कवच मानले जाई. ग्रिफिथ्स यांचा हात त्याच शिस्तीत तयार झालेला होता.

अजिंठ्याचे चित्र मात्र तैलचित्र नव्हे. कातळावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ लेप आणि त्या कोरड्या पृष्ठभागावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती आणि परदेशातून आलेला लाजवर्दी निळा, अशी त्याची घडण आहे. ही भिंत हवेतील दमट-कोरडेपणाबरोबर श्वास घेते. वर व्हार्निशचा थर बसला की ओल आत अडकते. कालांतराने व्हार्निश पिवळे पडते, आक्रसते आणि आक्रसताना खालच्या रंगाचे पापुद्रे ओढून काढते. मूळचा निळा हिरवट दिसू लागतो, गोरा चेहरा तपकिरी.

दरम्यान ग्रिफिथ्स यांच्यावर गिल यांच्यासारखाच प्रसंग ओढवला. १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयाच्या एका भागास आग लागली आणि शंभराहून अधिक प्रतिकृती भस्मसात झाल्या. तेरा वर्षांचे काम नुकते कुठे पुरे झाले होते. तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही. निवृत्तीनंतर १८९६-९७ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांचा दोन खंडांचा भव्य ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांना अजिंठा घरबसल्या पाहता आला तो या ग्रंथामुळे. १९१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनानंतर दोनच वर्षांनी निजाम सरकारने चित्रांच्या दुरुस्तीसाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या कारकिर्दीत १९२० ते १९२२ या काळात हे काम झाले. सुटू लागलेला गिलावा कातळाला पुन्हा चिकटवणे, तुटलेल्या कडा बुजवणे ही त्यांची कामगिरी मोलाची ठरली. परंतु रंग पक्के करण्यासाठी त्यांनीही लाखेचे द्रावण वापरले आणि तीही पुढे पिवळी पडली. ग्रिफिथ्स यांना दोष देताना हे विसरून चालत नाही. १९५३ मध्ये लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आली. त्यानंतर तेथील रसायनतज्ज्ञांना जुन्या दुरुस्त्यांचे हेच थर द्रावकांनी अंगुळ-अंगुळभर उतरवण्याचे किचकट काम करावे लागले. कापसाच्या बोळ्यावर द्रावक जरा अधिक झाला, तर व्हार्निशबरोबर पंधराशे वर्षांचा रंगही येतो, हा यातील धोका. या सफाईतही काही ठिकाणी मूळ रंग दुखावला, अशी टीका अभ्यासकांनी केली आहे. आज चित्रसंवर्धनाचे शिक्षण घेणाऱ्यांना सुरुवातीलाच सांगितले जाते, की चित्रावर लावलेली कोणतीही वस्तू पुढच्या माणसाला काढता आली पाहिजे.

गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या आगीतून वाचलेल्या १६६ प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे आहेत. भिंतीवरून पुढे गळून गेलेल्या काही भागांची साक्ष आता या कॅनव्हासवरच मिळते. १९५५ नंतर त्या कायमस्वरूपी प्रदर्शनात नव्हत्या. दीर्घकाळ साठवणीत राहून त्याही खराब झाल्या आणि २००६ मध्ये त्यांपैकी सुमारे निम्म्या प्रतिकृतींच्या संवर्धनाचा प्रकल्प संग्रहालयाला हाती घ्यावा लागला.