थाळनेरचे जावई : मास्टर दीनानाथ मंगेशकर

तापीकाठचे थाळनेर हे फारुकी सुलतानांच्या कबरींमुळे इतिहासाला परिचित आहे. शिरपूर तालुक्यातील याच गावच्या शेठ हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याच्या घराशी मराठी संगीत रंगभूमीचे सोयरसंबंध जुळले होते, याचे स्मरण मात्र आज फार थोड्यांना असेल. मास्टर दीनानाथ मंगेशकर हे या घराचे जावई. १९२२ साली शेठजींची कन्या नर्मदा यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या अकाली निधनानंतर, १९२७ मध्ये, धाकटी भगिनी शेवंती या मंगेशकर घराण्यात आल्या. त्याच पुढे सर्वांच्या 'माई' झाल्या.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. गावाचे नाव त्यांनी आडनाव म्हणून धारण केले. कोवळ्या वयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि १९१८ साली तेथून बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' स्थापन केली. ज्या वयात मुले शिक्षण पुरे करतात, त्या वयात हा तरुण एका नाटक कंपनीचा मालक झाला होता! गडकऱ्यांचे 'भावबंधन', वीर वामनराव जोशी यांचे 'रणदुंदुभि', १९३१ साली सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' अशी नाटके बलवंतने रंगभूमीवर आणली. दीनानाथांच्या चपल, तेजस्वी तानेने श्रोते भारावून जात.

परंतु त्याच १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलपट आला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. नाटकगृहांतील गर्दी बोलपटांकडे वळू लागली. काळाची पावले ओळखून दीनानाथांनी सांगली येथे 'बलवंत पिक्चर्स' ही चित्रसंस्था उभारली. विश्राम बेडेकर व चिंतामणराव कोल्हटकर यांच्या दिग्दर्शनाखाली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट १९३४ साली प्रदर्शित झाला. पण तो चालला नाही.

या अपयशाचे मूळ गुणवत्तेच्या अभावात शोधणे अन्यायाचे ठरेल. आपण व्यापारी मंडळी हा हिशेब सहज जाणू. नाटक कंपनी रोजच्या उत्पन्नावर चाले. एक नाटक पडले, तर दुसऱ्या दिवशी जुने लोकप्रिय नाटक लावून गल्ला सावरता येई. बोलपटात फिल्म, ध्वनियंत्रे, दिवे, सेट यांवर सारे भांडवल आधीच गुंतते आणि चित्र पडद्यावर येईपर्यंत एक पैसाही परत येत नाही. एका चित्रावर सर्वस्व लावणाऱ्यास दुसरी संधी मिळत नाही. स्वतः बालगंधर्वांनाही प्रभातच्या भागीदारीतील 'धर्मात्मा' (१९३५) या एकाच चित्रानंतर माघारी फिरावे लागले. मात्र त्यांच्यामागे प्रभातसारखी अनुभवी संस्था होती. दीनानाथांच्या पाठीशी तसे कोणी नव्हते.

त्या आघातातून बलवंत मंडळी सावरली नाही. आर्थिक विवंचना व ढासळती प्रकृती यांत २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, दीनानाथांचे पुण्यात निधन झाले. मागे माई आणि पाच लहान मुले. त्याच वर्षी थोरली लता, वयाची तेरा वर्षेही पूर्ण नसताना, मास्टर विनायकांच्या आधाराने 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात काम करून घर चालवू लागली. आजोळी थाळनेरला आजीकडून ऐकलेली गुजराती लोकगीते तिला तोपर्यंत पाठ झाली होती.