सानेगुरुजी : खान्देशातील एक कसोशीचा शिक्षक

जून महिन्यात शाळांची दारे पुन्हा उघडतात. याच महिन्यात, ११ जून १९५० रोजी, पांडुरंग सदाशिव साने यांनी इहलोकाचा निरोप घेतला. अवघा महाराष्ट्र त्यांना सानेगुरुजी या नावाने ओळखतो. ‘श्यामची आई’ या पुस्तकामुळे त्यांचे हळवे मन घरोघरी पोहोचले. परंतु त्यांच्यातील अभ्यासू, कष्टाळू शिक्षक काहीसा विस्मरणात गेला. शाळेतील अभ्यासाचा दर्जा कसा वाढवावा, याची चर्चा आज सर्वत्र चालू असताना या शिक्षकाचे स्मरण करणे आम्हास अगत्याचे वाटते.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. घरची स्थिती खालावलेली होती. दापोली, औंध, पुणे असे ते शिक्षणासाठी फिरत राहिले. प्रसंगी उपाशी राहूनही त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुण्यात महाविद्यालयीन शिक्षण घेतल्यानंतर ते खान्देशात अमळनेर येथे आले. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या उदार आश्रयाने तेथे तत्त्वज्ञान मंदिर ही संस्था उभी राहिली होती. तेथे राहून शांतपणे ग्रंथाध्ययन करण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. परंतु केवळ ग्रंथांत त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढील सहा वर्षे तेथेच राहिले.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडीत, त्यांची अंथरुणे आवरून ठेवीत, कपडे धूत. मुलांना व्यवस्थितपणाचे धडे तोंडाने देण्याऐवजी ते त्यांच्यासमोर तसे वागत राहिले. मुलांसाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. रोज सकाळी मुलांच्या हाती काही नवे, वाचनीय द्यायचे, तर शिक्षकाला आदल्या दिवशी स्वतः वाचावे लागते, निवडावे लागते, सुवाच्य अक्षरात लिहावे लागते. या कामाचे परीक्षेत गुण मिळत नव्हते, वेतनातही काही भर पडत नव्हती. अभ्यासातील कसोशी आम्हाला येथे दिसते. तिचा पहिला भार शिक्षकाने स्वतः उचलला, मग विद्यार्थी आपणहून मागे आले.

१९३० साली गुरुजींनी नोकरीचा त्याग करून सविनय कायदेभंगाच्या चळवळीत उडी घेतली. त्यांना कारावास झाला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना या शिक्षकाने पुन्हा विद्यार्थ्याची भूमिका घेतली. तेथे ते तमिळ भाषा शिकले आणि ‘तिरुक्कुरल’ हा प्राचीन ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. वयाच्या तिशीत नव्या भाषेची अक्षरे गिरवण्यास नम्रता लागते.

या नम्रतेची खरी कसोटी धुळ्याच्या तुरुंगात लागली. २१ फेब्रुवारी १९३२ पासून आचार्य विनोबा भावे तेथील बंदिजनांपुढे दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलू लागले. १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी, अठरा अध्याय पूर्ण झाले. बोलणारे बोलत होते आणि गुरुजी भराभर लिहून घेत होते. दुसऱ्याचा विचार टिपताना लक्ष क्षणभर ढळून चालत नाही. आपल्या आवडीचे तेवढे घ्यावे, नको ते गाळावे, असेही करता येत नाही. स्वतः प्रतिभावंत लेखक असलेल्या माणसाने हे लेखनिकाचे काम आनंदाने केले. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ पुढे अनेक भाषांत गेला, त्याच्या मुळाशी गुरुजींची ही वही आहे. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले.

पुढे गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये उपोषण केले आणि १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले. त्यांच्या अंतरीच्या वेदनेचा न्याय करण्याचा अधिकार आम्हाला नाही. मात्र सर्वांची काळजी वाहणाऱ्या शिक्षकाचीही कोणी आस्थेने विचारपूस करावी लागते, एवढे आपण त्यातून अवश्य शिकावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेर येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलननगरीला गुरुजींचेच नाव देण्यात आले होते. हा गौरव उचितच होता. परंतु त्यांचे खरे स्मारक वर्गात उभे राहावयास हवे. गृहपाठाची पाने वाढविली, चाचण्यांची संख्या दुप्पट केली की अभ्यासाचा दर्जा वाढला, असा आपला समज झाला आहे. त्या ओझ्याखाली मुले वाकतात, पण वाढत नाहीत. शिक्षक बंधुभगिनींनो, नवे वर्ष सुरू करताना आपण स्वतःला काही साधे प्रश्न विचारू या. उद्याच्या तासासाठी आज आपण काय वाचले? विद्यार्थ्याची वही तपासताना त्याचे म्हणणे शेवटपर्यंत समजून घेतले का? आपल्याला जे येत नाही, ते नव्याने शिकण्याची आपली तयारी आहे का? या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे देणारा एक जरी शिक्षक शाळेत असला, तरी त्या शाळेतील मुले भाग्यवान होत.