कोरडे धुके

आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील विद्युत् ही दोन्ही एकच होत, हे जगाला पटवून देणारे थोर पुरुष म्हणून बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव सर्वांना परिचित आहे. परंतु विजेइतकेच त्यांना वाऱ्याचेही कुतूहल होते. वारा कोठून येतो, कोठे जातो आणि येताना आपल्याबरोबर काय घेऊन येतो, या कोड्याचा ते तरुणपणापासून विचार करीत असत. वयाची ७७ वर्षे उलटल्यावर, एका विलक्षण उन्हाळ्यात, हे कोडे पुन्हा त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी झाला. त्यांचे वडील चरबीपासून मेणबत्त्या व साबण तयार करीत. घरात १७ मुले. त्यांपैकी बेंजामिन हा १५ वा. एवढ्या मोठ्या कुटुंबात मुलाच्या शिक्षणासाठी पैसा कोठून येणार? दोनच वर्षे शाळेत जाऊन तो वडिलांच्या हाताखाली राबू लागला. त्या उग्र वासाच्या धंद्यात त्याचे मन रमेना. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. तेथे मिळेल ते पुस्तक रात्री जागून वाचावे, हा त्याचा क्रम असे. पुढे भावाशी पटेनासे झाले, तेव्हा १७ वर्षांच्या बेंजामिनने घर सोडले आणि तो फिलाडेल्फिया शहरी आला.

या शहराने त्याला नाव दिले आणि त्यानेही शहराचे ऋण फेडले. छापखाना व वृत्तपत्र चालवीत असतानाच फ्रँकलिन यांनी इ. स. १७३१ मध्ये वर्गणीदारांचे ग्रंथालय उभारले. थोड्या लाकडात अधिक ऊब देणारी शेगडी त्यांनी तयार केली. तिचे हक्क स्वतःकडे राखून पैसे मिळविण्याची सूचना आली असता त्यांनी ती नाकारली. शहरातील कातडी कमावण्याचे कारखाने ओढ्यात घाण सोडीत आणि त्या दुर्गंधीने शेजारची वस्ती त्रस्त होई. इ. स. १७३९ मध्ये फ्रँकलिन व त्यांच्या शेजाऱ्यांनी हे कारखाने तेथून हलवावेत असा अर्ज विधिमंडळाकडे केला. मागणी पुरती मान्य झाली नाही. पण काही थोड्यांच्या नफ्यासाठी अनेकांची हवा व पाणी बिघडू नये, हा विचार त्यांनी आपल्या वृत्तपत्रातून निर्भयपणे मांडला.

इ. स. १७४३ मध्ये एके रात्री चंद्रग्रहण होते. ते पाहण्यासाठी फ्रँकलिन उत्सुकतेने थांबले होते. पण आभाळ भरून आले, ईशान्येकडून सोसाट्याचा वारा सुटला आणि ग्रहण दिसले नाही. बोस्टन हे फिलाडेल्फियाच्या ईशान्येस चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. वारा तिकडूनच येत होता. तेव्हा बोस्टनला वादळ आधीच झाले असणार, असे त्यांना वाटले. परंतु तेथील भावाकडून कळले की, बोस्टनकरांनी ग्रहण नीट पाहिले आणि वादळ त्यानंतर आले! फ्रँकलिन चकित झाले. त्यांनी ठिकठिकाणची वृत्ते जुळवून पाहिली. अंगाला लागणारा वारा ईशान्येकडून आला, तरी सबंध वादळ नैऋत्येकडून ईशान्येकडे सरकत होते, असा निष्कर्ष निघाला. हवामान एका गावापुरते नसते, ते प्रवास करते, हे त्या चुकलेल्या ग्रहणाने त्यांना शिकविले.

पुढची वर्षे मोठ्या धामधुमीची गेली. इ. स. १७५२ मध्ये त्यांचा पतंगाचा सुप्रसिद्ध प्रयोग झाला. समुद्रप्रवासात पाण्याचे तापमान मोजून त्यांनी गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहाचा अभ्यास केला. इ. स. १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करून ते देशाचे वकील म्हणून फ्रान्सला गेले आणि पॅरिसजवळील पासी या गावी राहू लागले. इ. स. १७८३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडशी तहाची बोलणी शेवटास येत होती. नव्या राष्ट्राच्या सीमा कोठून कोठवर असाव्यात, हे कागदावर ठरत होते.

त्याच सुमारास, जून महिन्यात, युरोपवर एक चमत्कारिक धुके पसरले. नेहमीचे धुके ओलसर असते आणि ऊन तापले की विरून जाते. हे धुके कोरडे होते. उन्हाने ते हटेना, वाऱ्याने ते जाईना. भरदुपारी सूर्य तांबडा व निस्तेज दिसे. हवेला गंधकाचा वास येई. झाडांची पाने करपून गळू लागली. कित्येकांची डोकी दुखू लागली, श्वास कोंडू लागला. इंग्लंडमध्ये त्या वर्षी नेहमीपेक्षा हजारो माणसे अधिक दगावली. लोक भयभीत झाले. जगाचा अंत जवळ आला, असे अनेकांना वाटले.

फ्रँकलिन यांना या वेळी मूतखड्याचा विकार जडलेला होता. तरीही त्यांनी निरीक्षण सोडले नाही. बहिर्गोल भिंगाने सूर्यकिरण एका बिंदूवर आणले की एरवी कागद सहज पेटतो. परंतु या धुक्यातून आलेले किरण इतके दुबळे झाले होते की, तपकिरी कागदही जेमतेम पेटे. सूर्याची उष्णता जमिनीपर्यंत पोचत नाही, ती वाटेतच अडते, हे त्यांनी ओळखले. मग हे धुके आले कोठून? त्यांनी दोन तर्क मांडले. आकाशातून आलेला एखादा अग्निगोल वातावरणात जळून त्याचा धूर पसरला असावा. किंवा आइसलंड बेटावरील हेक्ला पर्वतातून आणि तेथील समुद्रात उसळलेल्या ज्वालामुखीतून निघालेला धूर वाऱ्यांनी जगाच्या उत्तर भागावर पसरविला असावा. यांपैकी कोणता तर्क खरा, हे अद्याप निश्चित नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले. मोंपेलिए येथील एका फ्रेंच अभ्यासकानेही याआधी आइसलंडकडेच बोट दाखविले होते.

फ्रँकलिन यांचे पर्वताचे नाव चुकले. पण बेट मात्र बरोबर होते. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमधील लाकी या ठिकाणी जमीन दुभंगली होती. सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या त्या भेगेतून आठ महिने लाव्हारस वाहत राहिला आणि सुमारे १२ कोटी टन गंधकाचा विषारी वायू बाहेर पडला. बेटावरील गवत विषारी झाले; गुरांपैकी निम्मी आणि मेंढ्यांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक मेली. त्यामागून दुष्काळ आला आणि बेटावरील सुमारे एकपंचमांश माणसे मृत्युमुखी पडली. ही बातमी शिडाच्या जहाजांतून युरोपात पोचण्यास महिने लागले. धूर मात्र दोन हजार किलोमीटरांचे अंतर तोडून दोन आठवड्यांच्या आत पॅरिसवर आला होता.

हे कसे घडले, ते आज आपल्याला अधिक स्पष्टपणे सांगता येते. तप्त वायू वर चढतात. लाकीचे वायू दहा-बारा किलोमीटर उंच गेले. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांनी हे वायू युरोपकडे नेले. वाटेत गंधकाच्या वायूचा हवेतील बाष्पाशी संयोग होऊन गंधकाम्लाचे सूक्ष्म कण तयार झाले. त्या वेळी युरोपवर हवेच्या जास्त दाबाचा प्रदेश ठाण मांडून बसला होता. अशा प्रदेशात वरची हवा सावकाश खाली उतरते व जमिनीवर वारा मंद असतो. म्हणून उंचावरून आलेले कण खाली उतरले आणि तेथेच कोंडून राहिले. वरच्या वाऱ्याने ओझे वाहून आणले आणि खालच्या स्तब्ध हवेने ते माणसांच्या माथी ठेवले.

३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसच्या तहावर सह्या झाल्या. पाठोपाठ आला तो अतिशय कडक हिवाळा. नद्या गोठल्या आणि बर्फ वितळताच महापूर आले. धुक्याचा व या थंडीचा संबंध असावा, असे फ्रँकलिन यांना वाटले. मे १७८४ मध्ये त्यांनी याविषयी एक लहानसा निबंध लिहिला. पूर्वीच्या कडक हिवाळ्यांच्या आधीही असे धुके पडले होते काय, हे इतिहासात शोधावे, असे त्यांनी त्यात सुचविले. तसे आढळले, तर पुढे धुके दिसताच लोकांना संकटाची पूर्वसूचना मिळेल आणि ती वेळीच तयारी करू शकतील, अशी त्यांना आशा होती. ज्ञानाचा शेवट लोकांच्या उपयोगात व्हावा, ही त्यांची जन्माची रीत येथेही दिसते.

हा निबंध त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथील विद्वत्सभेपुढे वाचला गेला. फ्रँकलिन इ. स. १७८५ मध्ये मायदेशी परतले आणि १७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फिया येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात मँचेस्टरमध्ये गिरण्यांच्या धुराड्यांचे जणू रानच उभे राहिले. तेथील पावसात गंधकाचे आम्ल मिसळलेले असल्याचे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने इ. स. १८५२ मध्ये दाखविले. पुढे गावात धूर साठू नये म्हणून धुराडी उंच बांधण्यात आली. परंतु त्यामुळे धूर नाहीसा झाला नाही, दूर गेला. ब्रिटन व मध्य युरोपातील धुरामुळे स्वीडन आणि नॉर्वे या देशांतील तळी आम्लयुक्त होऊन त्यांतील मासे मरू लागले. अखेर इ. स. १९७९ मध्ये जिनीव्हा येथे अनेक राष्ट्रांनी, दूरवर जाणाऱ्या हवेच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी एक करार केला.

लाकीचा धूर निसर्गाने सोडला होता. त्याला कोणी अडवू शकत नव्हते. धुराडी मात्र माणसाने बांधली आहेत. फिलाडेल्फियाच्या ओढ्याकाठी फ्रँकलिन यांनी शेजाऱ्याच्या हक्कासाठी अर्ज केला होता. वाऱ्याचा प्रवास कळल्यावर हा शेजारी किती दूर राहत असतो, हे आपल्या ध्यानात येते.