अंगणातील अक्षर : ताराबाई मोडक यांचे ठाणे जिल्ह्यातील कार्य

गरीब मुलापर्यंत पुस्तक का पोहोचत नाही, या प्रश्नाचा विचार बहुधा पुस्तकाची किंमत आणि ग्रंथालयाचे अंतर यांपाशीच थांबतो. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी हा प्रश्न अक्षराच्याही मागे नेला. ज्याला दिवसातील एकही तास मोकळा नाही आणि ज्याची बोली पुस्तकात नाही, त्या मुलाची वाचनाची पूर्वतयारी कोठे व कशी करावयाची, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा विषय होता.

मुंबईतील प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. अमरावतीचा संसार मोडल्यावर त्यांनी राजकोट येथील स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्रमुखपद सांभाळले. १९२३ मध्ये ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. पुढे १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३३ पासून मराठी 'शिक्षणपत्रिका' आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार असा हा क्रम आहे. त्यांच्या चरित्रलेखनात या कालखंडाला पुष्कळ जागा मिळते. तथापि येथवरचे कार्य मुख्यतः सुशिक्षित पालकांच्या मुलांपुरते होते, हे नोंदवणे आवश्यक आहे.

माँटेसरी पद्धतीचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोममधील श्रमिकांच्या वस्तीत निघाले होते. भारतात मात्र महागड्या साधनांमुळे ती पद्धती शहरी मध्यमवर्गाची होऊन बसली. ही विसंगती ताराबाईंना बोचली. गांधीजींच्या ग्रामाभिमुख शिक्षणविचाराने तिला दिशा दिली. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेव्हापासूनच त्यांच्या सहकारी झाल्या.

बालवाडी उघडली म्हणजे वस्तीतील मुले येतात, असे नाही. ती येत नाहीत, तर शाळेनेच साधने घेऊन त्यांच्या अंगणात जावे, या साध्या निष्कर्षातून 'अंगणवाडी' उभी राहिली. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांनी घेतली. ही काटकसर तर होतीच. पण मुलाच्या ओळखीच्या वस्तूंतून मोजणे, वर्गवारी करणे आणि आकार ओळखणे यांकडे जाण्याचा तो मार्गही होता.

त्याच वर्षी त्याच परिसरात वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथामुळे तो मराठी वाचकांस परिचित आहे. दोन्ही कार्यांच्या भूमिका अगदी भिन्न; परंतु या मुलांचा वेळ त्यांचा स्वतःचा नव्हता, हे वास्तव दोन्हींना समान होते. १९५७ च्या सुमारास ताराबाई कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा याच वास्तवाशी त्यांची गाठ पडली. मोठे मूल धाकट्याला सांभाळते, गुरे राखते. मग शाळेत येणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडण्यात आल्या, आणि गुराख्यांसाठी वर्ग थेट चराऊ रानात नेण्यात आला. तीच 'कुरणशाळा' होय.

अभ्यासकाने येथे भाषेकडे लक्ष द्यावयास हवे. वारली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील पाठ्यपुस्तक जवळजवळ परभाषेतच भेटते. त्यामुळे गाणे, गोष्ट, संभाषण आणि नाट्य यांना बालवाडीत अक्षरओळखीच्या आधीचे स्थान मिळणे ही केवळ रंजनाची सोय नव्हे. तो वाचनशिक्षणाचाच पहिला टप्पा ठरतो. ताराबाईंनी स्वतः बालकांसाठी व पालकांसाठी लेखन केले. 'नदीची गोष्ट', 'बालकांचा हट्ट' ही त्यांपैकी काही. बालसाहित्याच्या विवेचनात मात्र त्यांची नोंद शिक्षणतज्ज्ञ म्हणून होते आणि लेखनाचा विचार मागे पडतो. हे लेखन वाङ्मयीन गुणांत थोर आहे असे म्हणता येणार नाही. पण ऐकणारे मूल वाचक होण्यापूर्वी त्याला कोणती भाषा लागते, याचे भान त्यात आहे.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, चालवले. १९७५ मध्ये केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना जे नाव मिळाले, ते बोर्डीच्या वस्तीत रुजलेले 'अंगणवाडी' हेच होते.